उजव्या बाजूची बाल्कनी

ग्वेंडा क्रॉली माझ्या दुकानात आली ती एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, आणि दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, पाय जुळवून.

“लॉइस, मला जहाजावर जायचंय,” ती म्हणाली. “कुठल्या, ते मात्र ठाऊक नाही.”

ब्रिस्बेनच्या उत्तरेला, गिंपी गावाच्या मुख्य रस्त्यावर माझं प्रवासाचं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. विमानाची तिकिटं हल्ली लोक घरबसल्या काढतात. जहाजाचं म्हटलं की मात्र अजून माझ्याकडे येतात, कारण जहाज चुकीचं निघालं तर मधेच उतरून घरी येता येत नाही. दहा दिवस त्याच जेवणाच्या रांगेत, त्याच माणसांत काढावे लागतात. तेव्हा दोष द्यायला कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं, असा आमच्या गावाचा साधा हिशेब आहे.

ग्वेंडा शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होती. एकविसाव्या वर्षी तिने मर्व्ह क्रॉलीशी लग्न केलं आणि कंडँगाच्या पलीकडे, टेकडीवरच्या त्यांच्या डेअरीत राहायला गेली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षं ती मला गावात दिसली ती फक्त सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. गाईंच्या धारा दिवसातून दोनदा काढाव्याच लागतात, मग नाताळ असो की कुणाची मयत. थोरल्या बहिणीच्या लग्नाला हे दोघं बंडाबर्गला गेले होते, ते केक कापेपर्यंत थांबले. नाच सुरू झाला तेव्हा ते परतीच्या रस्त्याला लागलेले. लेकीच्या जन्माच्या दिवशी मर्व्ह संध्याकाळच्या धारा आटपून मगच इस्पितळात पोचला, आणि ग्वेंडाने त्याला पहिला प्रश्न विचारला तो म्हणे, “नव्वद नंबरच्या गाईने लाथ नाही ना मारली?”

त्या वर्षीच्या मार्चमध्ये त्यांनी सगळ्या एकशेवीस गाई विकल्या. लेक ब्रिस्बेनला शिक्षिका, तिला डेअरी नको होती. मर्व्हचे गुडघे गेलेले. वॉरिककडच्या एका कुटुंबाने गाई घेतल्या, आणि शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला त्या दिवशी दोघंही शेडच्या पायरीवर बसून राहिले, असं मर्व्हने मला नंतर सांगितलं. आणि आता मे महिन्यात ग्वेंडा माझ्यासमोर बसली होती.

“बरं,” मी म्हटलं, “तुला काय आवडतं ते सांग. त्यावरून बघू.”

ती माझ्या पाठीमागच्या भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिली. निळं पाणी, पांढरी वाळू, एक माड.

“मर्व्हला उकाडा सोसत नाही,” ती म्हणाली.

“मर्व्हचं नाही विचारलं.”

“आमची थोरली, डॉट, म्हणते न्यूझीलंडसारखं दुसरं काही नाही.”

“डॉटचंही नाही विचारलं. तुला काय हवंय? खाणंपिणं, नाचगाणी, बेटं, पोहणं, थंडी, शांतता?”

ग्वेंडाने बराच विचार केला. मग पर्सची चेन उघडली, परत लावली, आणि शाळेत घरचा अभ्यास दिल्यासारखं मला म्हणाली, “लॉइस, मला पुढच्या मंगळवारपर्यंत वेळ दे.”

मी तिला सहा माहितीपुस्तिका दिल्या. त्या तिने भाजीच्या पिशवीत घातल्या आणि गेली.

पुढच्या मंगळवारी ती आली, पण एकटी नाही, तिघं आले. डॉट पुढे, ग्वेंडा मधे, मर्व्ह मागे. डॉट म्हणजे ग्वेंडाची थोरली बहीण, बंडाबर्गला केक कापला ती. नवऱ्याचं औषधाचं दुकान होतं. तो गेल्याला नऊ वर्षं झाली आणि त्या नऊ वर्षांत डॉटच्या अकरा क्रूझ झाल्या. जहाजाच्या कप्तानाबरोबरचे तिचे फोटो तिच्या फोनमध्ये असतात आणि ते ती विचारायच्या आधीच दाखवते.

“मी सांगते काय घ्यायचं ते,” डॉट बसतानाच म्हणाली. “आतली केबिन नको, तिला खिडकी नसते. खिडकीवाली नको, ती खिडकी उघडत नाही. बाल्कनीचीच घ्यायची. मधल्या मजल्यावर, आणि जहाजाच्या बरोबर मध्यावर, म्हणजे हेलकावे कमी. डोक्यावर पोहायचा तलाव नको, पायाखाली नाचघर नको. लिफ्टला चिकटून नको आणि लिफ्टपासून लांबही नको.”

“म्हणजे अख्ख्या जहाजात एकच खोली उरली,” मर्व्ह दारातून म्हणाला. “ती तुझी असणार.”

मर्व्ह बसला नाही. टोपी हातात घेऊन तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. पण त्या दिवशी त्याने प्रश्न आणले होते, आणि ते तो एकेक काढत होता.

“जहाजावर दूध कुठून येतं?”

“निघताना बंदरात भरून घेतात,” मी सांगितलं.

“दहा दिवस तेच?”

“काही टिकाऊ पाकिटांचं असतं. काही पावडरचं.”

त्याने ग्वेंडाकडे असं पाहिलं, जणू मी घरातल्या कुणाचं काही वाईट कळवलंय.

“तीन हजार माणसं म्हणतेस. त्यांचं सांडपाणी जातं कुठे?”

“मर्व्ह,” डॉट म्हणाली, “लोक क्रूझला जातात तेव्हा सांडपाण्याचं विचारत नाहीत.”

“एकशेवीस गाईंचं मी त्रेचाळीस वर्षं निस्तरलंय. मी विचारणार.”

मला ठाऊक होतं तेवढं मी त्याला सांगितलं. त्याने ते मन लावून ऐकून घेतलं आणि मग विचारलं की केबिन किती मोठी असते. मी म्हटलं, बाल्कनी धरून साधारण सतरा चौरस मीटर.

त्या संध्याकाळी त्याने रिकाम्या गोठ्याच्या काँक्रीटवर खडूने केबिन आखली. पलंग, कपाट, न्हाणीघर, बाल्कनी, सगळं मापाने. स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या आणून खडूच्या बाल्कनीत ठेवल्या आणि दोघं तिथे बसून चहा प्यायले. ग्वेंडाने हे मला जसंच्या तसं सांगितलं.

“आपल्या वळूला याहून मोठी जागा होती,” मर्व्ह म्हणाला.

“वळूला बाल्कनी नव्हती,” ती म्हणाली.

मग सुरू झाली ग्वेंडाची चौकशी. गावात जो कुणी कधी क्रूझला गेला असेल त्याला ती गाठायची. कसाई मिक स्टॅन्टन म्हणाला, खाण्यावर जा, बाकी सगळी जहाजं सारखीच, आणि शेवटच्या दिवशी कोळंबी संपते का ते विचारून घे. चर्चमधल्या पाद्रीबाई म्हणाल्या, बेटं जास्त असलेला प्रवास घे, नाहीतर माणसं माणसांना कंटाळतात. ग्रंथालयातली शेरिल म्हणाली, बेटं जितकी कमी तितकं बरं, रोज उठून रांगेत कोण उभं राहील, मी आठ दिवसांत चार कादंबऱ्या संपवल्या. हे सगळं ग्वेंडा एका वहीत टिपून घेत होती. ती वही म्हणजे गाईंच्या पैदाशीची जुनी नोंदवही. मागची पानं कोरी होती आणि ती वाया घालवायची तिला सवय नव्हती. पण पानांवर रकाने छापलेले होते, त्यामुळे जहाजांनाही तेच रकाने लागले. नाव, वय, बांधा, स्वभाव, दोष.

एकदा तिने ती वही माझ्या टेबलावर उघडून ठेवली. मोठ्या जहाजापुढे लिहिलं होतं: वय चार. बांधा भक्कम, मागची बाजू जड. स्वभाव गडबड्या. दोष, पाण्याच्या घसरगुंड्या आणि शाळकरी मुलं. त्याच्याखाली एका जुन्या, लहान जहाजापुढे: वय चोवीस. स्वभाव शांत, हाताळायला सोपं. दोष, पाय थोडे अधू असावेत, लॉइसला विचारणे.

“पाय म्हणजे?” मी विचारलं.

“लाटांवर लटपटतं असं मिक म्हणाला.”

बावीस वर्षांत जहाजांचं इतकं नेमकं वर्णन मी वाचलं नव्हतं. मी ते पान झेरॉक्स करून ठेवलंय.

मर्व्हचा निकाल जून महिन्यात लागला. मीच सुचवलं होतं, की एवढा मोठा प्रवास ठरवण्याआधी एखादी लहानशी फेरी मारून बघा. तेव्हा ते एका रविवारी इन्स्किपच्या टोकाला गेले आणि पलीकडच्या वाळूच्या बेटावर जाणाऱ्या तराफ्यावर गाडी चढवली. तो तराफा दहा मिनिटांत पलीकडे पोचतो. लोक गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. मर्व्ह उतरला, कठड्याशी गेला आणि सातव्या मिनिटापासून ओकून ओकून जो लोळागोळा झाला तो बेटावरच्या वाळूत अर्धा तास आडवा होता. परतीच्या खेपेला पुन्हा तेच. घरी येताना गाडी ग्वेंडाने चालवली.

“तो बोलेचना,” ती मला म्हणाली. “वाटेत गूमबुरियन गाव आलं तेव्हा म्हणाला, तू जा.”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, कुठे? तर म्हणाला, जहाजावर. मला नाही जमायचं, पण त्यासाठी तू का थांबायचं.” तिने पर्स मांडीवर ओढली. “लॉइस, मी त्याच्याशिवाय एक रात्र कुठे राहिलेली नाही. इस्पितळ सोडून.”

ही बातमी डॉटला कळायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात हजर, चष्म्याची साखळी गळ्यात, सगळं ठरवून आलेली. न्यूझीलंड, तेरा रात्री, नोव्हेंबर, मधला मजला, बहिणी-बहिणींची एक केबिन. ग्वेंडा शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावत होती.

“खाड्या बघून वेडी होशील,” डॉट तिला सांगत होती. “डनीडिनला किल्ला आहे, तो मी तुला दाखवेन. संध्याकाळी आपण पहिल्या पंगतीला जेवायचं, दुसरीला नाही, दुसरीला गर्दी असते. पलंग दाराजवळचा तू घे, मला बाल्कनीकडचा लागतो. श्वासाचं जरा आहे ना माझं.”

“बरं,” ग्वेंडा म्हणाली.

“काळा लांब झगा आहे का तुझ्याकडे? नसेल. मी देईन.”

“बरं.”

मी आगाऊ रक्कम घेतली आणि पावती केली. माझा धंदाच तो आहे. पण ग्वेंडा जाताना दारात थांबली आणि भिंतीवरच्या त्या माडाकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं, ते मला बरं वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी डॉटने तिच्याकडे पाठवलेला पडदाही असाच तिच्या बैठकीच्या खोलीत अजून लटकतोय, मोठाल्या जांभळ्या फुलांचा. ग्वेंडाला जांभळा रंग आवडत नाही, हे अख्ख्या कंडँगाला माहीत आहे, एकट्या डॉटला सोडून.

तीन आठवड्यांनी ग्वेंडा एकटीच आली. मंगळवार नव्हता. पाऊस पडून गेला होता आणि तिच्या पायात गोठ्यातले रबरी बूट होते, तेव्हा काहीतरी मनात आल्याबरोबर निघून आली असावी हे माझ्या लक्षात आलं.

“तू मला विचारलं होतंस, मला काय आवडतं,” ती उभ्या-उभ्याच म्हणाली. “आत्ता सांगितलं तर चालेल? का उशीर झाला?”

“बस आधी.”

ती बसली. “आमचा गोठा कसा आहे तुला माहीत आहे. मधे खड्डा, त्यात आपण उभं राहायचं, दोन्ही बाजूंना वर गाई. मागची बाजू आपल्याकडे. उजाडतं तेव्हा मी खड्ड्यात असते. मावळतं तेव्हाही खड्ड्यात असते. शेडची तोंडं उत्तर-दक्षिणेला. त्रेचाळीस वर्षं मी सूर्य उगवताना बघितलेला नाही, लॉइस. प्रकाश झालेला कळायचा, कारण शेपट्या दिसायला लागायच्या.”

मी हसले. तीही हसली.

“आज सकाळी मर्व्हने हाक मारली, ये बघ म्हणून. मी बाहेर गेले तर सूर्य झाडांच्या वर आलाच होता. मोठा नव्हता काही. पण मी म्हटलं, हा मला जिथे काहीच आड येत नाही अशा जागेवरून बघायचाय. बसून. चहा घेऊन. आणि तो चहा दुसऱ्या कुणीतरी केलेला पाहिजे.” तिने श्वास घेतला. “आणि शेजारी कुणी बोलत असलेलं नको. हे न्यूझीलंडच्या त्या केबिनमध्ये जमेल का?”

बाल्कनीकडचा पलंग कुणाचा होता ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे मी उठले. नकाशा टेबलावर पसरला. ती सगळ्या जहाजांची पुस्तकं बाजूला सारून मी पहिल्यांदा नुसता नकाशाच बघितला, आणि मला जे सुचलं ते मलाच नवीन होतं. बावीस वर्षांत लोकांनी मला मजला विचारला, आकार विचारला, उशा किती मिळतात ते विचारलं. जहाजाचं तोंड कुठल्या दिशेला असणार, हे कुणी विचारलं नव्हतं.

“हे बघ,” मी पट्टी ठेवली. “ब्रिस्बेनहून निघालं आणि पापुआ न्यू गिनीकडे गेलं की जहाज जवळजवळ सरळ उत्तरेला जातं. दोन दिवस, दोन रात्री, मधे जमीन नाही. तोंड उत्तरेला, म्हणजे उजवा हात कुठे?”

तिने खुर्चीत बसल्या-बसल्या उजवा हात बाजूला केला. “पूर्वेला.”

“उजव्या बाजूची बाल्कनी घेतलीस तर जाताना सूर्य तुझ्या कपात उगवेल.”

“आणि येताना?”

“येताना तोंड दक्षिणेला. उजवा हात पश्चिमेला.”

ग्वेंडाने तो हात तसाच धरून ठेवला होता. “म्हणजे येताना मावळताना दिसेल. केबिन न बदलता.”

“न बदलता.”

ते जुनं, लहान जहाज होतं, वय चोवीस. सप्टेंबरमध्ये दहा रात्रींची एक फेरी होती. एकट्या माणसाला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मर्व्हला विचारते. मग म्हणाली, नाही, मर्व्हला सांगते.

“आणि डॉटला?” मी विचारलं.

तिथे मात्र तिचा हात खाली आला.

डॉटला सांगायचं काम माझ्याच दुकानात झालं. ग्वेंडाने तिला मुद्दाम तिथे बोलावलं. मला वाटतं, घरी त्या जांभळ्या पडद्यासमोर तिला ते जमलं नसतं. मी मागच्या खोलीत जायला निघाले तर ग्वेंडाने मला डोळ्यांनीच थांबवलं.

“डॉट, मी न्यूझीलंडला येत नाही,” ती म्हणाली. “मी सप्टेंबरात उत्तरेला जातेय. एकटी.”

डॉटने चष्मा काढला. “एकटी? तू? तुला लिफ्टची बटणं कळत नाहीत.”

“शिकेन.”

“मी सगळं नीट ठरवलं होतं. तुला काय कमी होतं त्यात?”

“काहीच नाही. सगळं तुझंच होतं.”

डॉट माझ्याकडे वळली. “तू हिच्या डोक्यात भरवलंस हे?” मी काही बोलायच्या आत ती परत ग्वेंडाकडे वळली आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “तुला काय माहीत एकटीचं. अकरा वेळा गेले मी. अकरा वेळा त्या जेवणघराच्या दारात उभं राहायचं आणि पोऱ्याने विचारायचं, किती जण? मी म्हणायची, एक. मग तो मला कुठल्यातरी जोडप्यांच्या टेबलावर नेऊन बसवायचा. ते सगळे चांगले असतात गं. पण मला वाटलं, या खेपेला मी म्हणेन, दोन.”

डॉटच्या फोनमधले कप्तानाबरोबरचे फोटो मी कितीदा बघितले होते, पण ते काढले कुणी असतील, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

“मग तसं सांगायचं ना,” ग्वेंडा म्हणाली. “किल्ला दाखवतेस कशाला मला?”

“किल्ला चांगला आहे.”

“असेल. पुढच्या वर्षी बघू. पण हे एकदा मला करू दे.”

“आणि तुझी केबिन वेगळी हवी असेल पुढच्या वर्षीही.”

“हो. तू घोरतेस, डॉट. लहानपणापासून.”

डॉट उठली आणि निरोप न घेता गेली. पण दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दुकानात एक पाकीट आणून ठेवलं. आत मळमळीच्या गोळ्या, सुंठेच्या वड्या, कपडे टांगायला केबिनच्या भिंतीला चिकटवायचे चार चुंबकी हूक आणि तीन पानांच्या सूचना होत्या. पहिलीच सूचना होती, लिफ्टची बटणं कशी दाबायची. न्यूझीलंडला ती नोव्हेंबरात शेरिलला घेऊन गेली, आणि शेरिलने तेरा दिवसांत सहा कादंबऱ्या वाचल्या, त्यामुळे डॉटला बोलायला भरपूर मोकळीक मिळाली.

सप्टेंबरात मर्व्हने ग्वेंडाला ब्रिस्बेनच्या बंदरावर सोडलं. जहाजावर चोवीस तास खायला मिळतं हे माहीत असून त्याने मटण-लोणच्याचे सहा सँडविच बांधून दिले होते. तो आत गेला नाही. लांबून ते जहाज बघूनच त्याला तो तराफा आठवला, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी दुकान उघडलं तर मर्व्ह पायरीवर उभा. “ते कुठे पोचलंय हे तुझ्या त्या यंत्रात दिसतं म्हणालीस.”

मी नकाशावर जहाजाचा ठिपका दाखवला. त्याने टोपी काढून नीट वाकून बघितलं. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. “हे वाच. मला काय समजायचं ते कळेना.”

ग्वेंडाचा संदेश होता: आत्ता उठले. साडेनऊ.

“एवढा वेळ?” तो म्हणाला. “तब्येत बरी असेल ना तिची? ती चारला उठते.”

“झोपली असेल, मर्व्ह.”

“साडेनऊपर्यंत?” त्याने मान हलवली. “सूर्य गेला की मग.”

तिसऱ्या दिवशीही तेच झालं. संदेश आला: दहा वाजता. मर्व्ह अगदी अस्वस्थ झाला. एवढं दोघांचं भाडं, त्यात ती बाल्कनी, आणि ही झोपतेय. तो म्हणाला, मी फोन करून उठवतो उद्या. मी त्याला तसं करू दिलं नाही. तो रोज येऊन ठिपका बघायचा, आणि जाताना माझ्या दुकानातलं काहीतरी दुरुस्त करून जायचा. दाराची बिजागरी, नळ, खुर्चीचा डुगडुगणारा पाय. त्या दहा दिवसांत माझं दुकान नवीन झालं.

परत आल्यावर ग्वेंडाने मला सगळं सांगितलं. जाताना दोन्ही पहाटे ती झोपून राहिली आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. मला हाक मारणारं कुणी नव्हतं, ती म्हणाली, तर अंगाला कळेचना उठायचं कशाला. पापुआ न्यू गिनीतल्या आलोटाऊच्या बंदरात सगळे नाच बघायला गेले. ही वाट चुकून एका घरामागे पोचली, तर तिथे एक माणूस एकुलती एक गाय बांधून बसलेला. गाईच्या कासेला सूज होती. ग्वेंडा तासभर तिथेच होती. गरम पाण्याने शेक कसा द्यायचा, धार किती वेळा काढून टाकायची, सगळं तिने हातवारे करून त्याला शिकवलं. त्याने तिला एक शहाळं दिलं आणि बायकोला बोलावून हात मिळवायला लावला. “नाचाचं तिकीट वाया गेलं,” ती म्हणाली, “पण गाय बरी होईल.”

येताना मात्र दोन्ही संध्याकाळी ती बाल्कनीत बसली. पहिल्या संध्याकाळी ढग होते, काही दिसलं नाही, नुसतं सगळीकडे पिवळं झालं आणि मग राखाडी. दुसऱ्या संध्याकाळी स्वच्छ होतं. चहा तिथल्या एका पोराने आणून दिला, दूध पावडरचं होतं, आणि ती सगळा चहा प्यायली.

“मग कसा होता?” मी विचारलं.

तिने पर्सची चेन उघडली आणि बंद केली. “संपेपर्यंत बसले,” ती म्हणाली. “अगदी शेवटचा तुकडा जाईपर्यंत. कुणीच मला म्हटलं नाही, चल, उशीर होतोय.”

ती घरी आली त्या आठवड्यात जांभळा पडदा निघाला, एवढंच मला माहीत आहे. मी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती डॉटबरोबर खरंच न्यूझीलंडला गेली. केबिनी दोन होत्या, मधे चार दारांचं अंतर, आणि जेवणाचं टेबल एक. तो किल्ला चांगला होता, ग्वेंडा म्हणते, पण डॉटने त्याबद्दल जेवढं सांगितलं होतं तेवढा मोठा नव्हता.

गेल्या महिन्यात मर्व्हने दोन जर्सी कालवडी आणल्या. नुसत्या सोबतीला, तो म्हणतो. ग्वेंडाने त्याच दिवशी माझ्या दुकानात येऊन ताहिती बेटांच्या फेऱ्यांची चौकशी केली, अठरा रात्रींच्या.

“कालवडी त्याने आणल्यात,” ती म्हणाली. “त्या दुधावर येतील तेव्हा धारा त्यानेच काढायच्या. मी त्याला तसं सांगून ठेवलंय. अठरापेक्षा जास्त रात्रींचं काही आहे का तुझ्याकडे?”